आधी नावं, मग स्कॅनिंग

पत्र:
ताई, नमस्कार. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणी खारं असतं त्या भागात. मातीचं, कवेलूचं जुनं घर या उन्हाळ्यात पाडून तिथेच स्लॅबचं घर बांधायचं ठरलं आहे. सामान काढताना मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, टिनाची पेटी निघाली. त्यात दीड-दोनशे फोटो, दोन अल्बम, थोड्या निगेटिव्ह. ओसरीतल्या भिंतीवर अकरा फ्रेमा आहेत, त्या वेगळ्याच. काही फोटोंना ओल लागली आहे, एक तर काचेलाच चिकटला आहे. भासरे, म्हणजे मोठे दीर, पुण्याला असतात, ते म्हणतात पेटी मी नेतो, सावकाश स्कॅन करतो. धाकटे दीर म्हणतात, सगळ्याच्या वाटण्या झाल्या तर याचेही तीन वाटे करा. पुतण्या म्हणतो, मोबाईलवर काढून ग्रुपवर टाकतो, मग हे कागद ठेवायचे कशाला? तालुक्याचा स्टुडिओवाला लॅमिनेशन करा म्हणतो. आजेसासऱ्यांचा एकच फोटो आहे आणि तो मयतीचा आहे. जाऊबाई म्हणतात, नव्या घरात असा फोटो नको. आणखी एक फोटो आहे. विहिरीजवळ एक बाई उभी, कडेवर लेकरू. ती कोण, कोणालाच माहीत नाही. सासूबाईंना दाखवला तर त्यांनी तो पालथा करून ठेवला. त्या ८२ वर्षांच्या आहेत, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी काय काय करू आणि कुठून सुरुवात करू?
– एक सून

उत्तर:
प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबले. सासूबाई ८२ वर्षांच्या आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. सुरुवात तिथून करा. पेटी इतकी वर्षं टिकली, ती अजून दोन महिने टिकेल. सासूबाईंची आठवण आणि नजर दोन महिन्यांनी आजच्यासारखी असेलच असं नाही.

हे मी अनुभवाने सांगते आहे. माझ्या आईच्या माहेरचा एक फोटो माझ्याकडे आहे. ज्वारीच्या खळ्यावर पाच बाया ओळीने बसलेल्या, मधलीच्या हातात सूप. फोटो स्वच्छ, एक डाग नाही. त्या पाचही जणींना ओळखणारी शेवटची माणूस म्हणजे माझी मावशी. दिवाळीत जाईन, निवांत बसून विचारीन, असं मी दोन वर्षं म्हणत राहिले आणि मावशी भाद्रपदात गेली. आज मला तिघींची नावं ठाऊक आहेत. उरलेल्या दोघी माझ्याच रक्ताच्या असतील, पण त्या कोण ते आता मला कोणी सांगू शकत नाही. मी तो फोटो उत्तम स्कॅन करून घेतला आहे. त्यातली सुपाची वीण मोजता येते. नावं येत नाहीत.

म्हणून उद्या सकाळपासून बसा. सकाळीच, कारण मोतीबिंदूच्या डोळ्याला सकाळचा मऊ उजेड बरा पडतो आणि म्हातारं माणूस तेव्हा ताजं असतं. ओट्यावर सावलीत बसवा, पाठ उजेडाकडे. फोटो लहान असेल तर आधी मोबाईलमध्ये काढून मोठा करून दाखवा. एका बैठकीला आठ-दहाच फोटो. पन्नास दाखवलेत तर शेवटच्या चाळीसांना नुसतं ‘माहीत नाही’ येईल.

प्रश्न कसा विचारायचा यावर बरंच अवलंबून असतं. ‘हे कोण?’ म्हटलं की म्हातारी माणसं परीक्षेला बसल्यासारखी गप्प होतात. त्याऐवजी लुगड्याचं विचारा, दागिन्याचं विचारा, मागे दिसतो तो बैल कोणाचा ते विचारा. “थे लुगडं माह्या मायचं व्हय, मले लग्नात देल्लं होतं,” एवढं एक वाक्य आलं की त्यामागून माणसं आपोआप येतात.

साल तर विचारूच नका, ते आपण काढायचं. आपल्याकडच्या आज्यांचं कॅलेंडर वेगळं असतं. “तुकडोजी महाराज गेले त्या साली थोरला पोटात होता,” असं त्या म्हणाल्या की वहीत १९६८ लिहायचं. “गाडगेबाबा गेले तवा मी परकर नेसत होती,” म्हणजे १९५६, तेव्हा त्या बारा-तेरा वर्षांच्या. इंदिरा गांधी गेल्या ते १९८४. फोटोत दर्यापूरलगतच्या बनोशाच्या स्टेशनावर शकुंतला ही रेल्वेगाडी उभी असेल, तर कोण कुठे निघालं होतं ते विचारा. ती गाडी आता बंद आहे, पण कोणाला सोडायला स्टेशनावर गेलो होतो हे माणसं विसरत नाहीत. फोटो स्वतःही थोडं बोलतो. सव्वादोन-अडीच इंचांचे चौकोनी काळे-पांढरे फोटो असतील तर ते बहुधा आग्फा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्याचे. त्याच्या एका रोलवर बाराच फोटो निघत. त्यामुळे सारख्या कडांचे, सारख्या कागदाचे फोटो एकत्र लावून पाहा. पुष्कळदा ते एकाच दिवसाचे, एकाच लग्नातले निघतात आणि एक ओळखला की बाकीचे सुटतात. मागची बाजू पाहिल्याशिवाय कोणताही फोटो बाजूला ठेवू नका. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेलं गाव, कधी नुसतं ‘सप्रेम भेट’ असतं, पण अक्षर कोणाचं ते सासूबाई ओळखतील.

एक दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक फोटोला नंबर द्या आणि वहीत त्या नंबरापुढे कोण, कुठे, कधी, कोणाच्या सांगण्यावरून, एवढं लिहा. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण उद्या नणंद वेगळं सांगेल आणि दोन्ही ठेवावं लागेल. नातं लिहिताना ‘मोठी आई’ किंवा ‘आजी’ एवढंच लिहू नका. कोणाची मोठी आई? तुमच्या मुलांच्या मुलांना ते कळणार नाही. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही गावं लिहा. बायांची नावं लग्नात बदललेली असतात, तर दोन्ही नावं लिहा. नंबर फोटोच्या मागे कडेला, मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता. बॉलपेन नको. त्याचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. नव्या रंगीत फोटोंची पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल उठत नाही. त्यांचा नंबर पाकिटावर लिहा.

आणि सासूबाई बोलत असताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. त्यांना सांगून ठेवा, चोरून नको. आधी तुम्ही “फोटो नंबर बेचाळीस” असं बोला, मग त्यांना बोलू द्या.

आता ओलीचं. खारपाणपट्ट्यातल्या मातीच्या भिंतींना लोणा लागतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. तो ओलावा आणि मीठ फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यातून आत शिरतं, खिळे गंजतात, गंजाचा डाग फोटोवर येतो. म्हणून अकराही फ्रेमा आजच भिंतीवरून काढा. घर पाडायच्या दिवसाची वाट पाहू नका, त्या दिवशी धूळ आणि घाई दोन्ही असेल. मागचे खिळे पकडीने हळूच उचला. फोटो सुटून आला तर मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, एवढंच. ओलं फडकं, स्पिरिट, काच पुसायचं औषध, काही नको. पांढरी-हिरवट बुरशी दिसली तर ते फोटो बाकीच्यांपासून वेगळे करा, सावलीत पूर्ण कोरडे होऊ द्या आणि मग अंगणात, तोंडाला फडकं बांधून, ब्रशने झटका. बुरशी ओली असताना पुसलीत तर ती फोटोच्या थरात रुतून बसते. काळ्या भागावर निळसर-रुपेरी चमक दिसेल, तिला घासू नका. ती फोटोतलीच चांदी वर आलेली असते.

आणि ऊन दाखवू नका. चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड-कुरड्या असतात, तिथे शेजारी हेही वाळतील, असं घरात कोणीतरी म्हणणारच. आपल्याकडच्या उन्हात फोटो दोन तासांत गुंडाळी होतो आणि रंगीत असेल तर उडतोही. जुने जाड कागदाचे फोटो आधीच वळलेले असतील तर जबरदस्तीने सरळ करू नका, वरच्या थराला तडे जातात. पावसाळ्यात हवा नरम झाली की ते स्वतःच थोडे सैल होतात. तेव्हा दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर पाट ठेवा.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. गरम करू नका, पाण्यात बुडवू नका. चेहरा काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. काचेसकट तो आता एकच वस्तू आहे असं धरा. काचेवरूनच त्याची प्रत काढा आणि काच पुठ्ठ्यात बांधून तशीच जपा. एकमेकांना चिकटलेले फोटोही घरी सोडवत बसू नका. पुढे कधी पावसात पेटी भिजलीच, तर मात्र थांबू नका. ओल्या गठ्ठ्यात दोन दिवसांत बुरशी धरते आणि वाळताना फोटो एकमेकांना पकडतात. ओले असतानाच एकेक वेगळा करा, चिखल असेल तर थंड स्वच्छ पाण्यातून काढा, तोंड वर करून सावलीत पसरा. पाणी बोअरचं वापरू नका. आपल्या भागातलं ते पाणी वाळलं की पांढरा थर ठेवून जातं, बादलीच्या कडेला तुम्ही रोज पाहता. पिण्याच्या कॅनचं घ्या. मात्र आजकालच्या घरगुती प्रिंटरवर शाईने छापलेले फोटो पाण्यात घालूच नका, सगळं वाहून जाईल.

लॅमिनेशनबद्दल मला जोर देऊन बोलायचं आहे, कारण आमच्या घरात ते होऊन चुकलं आहे. माझ्या वडिलांचा एकुलता एक तरुणपणचा फोटो. डोक्यावर पांढरी टोपी, हात सायकलच्या हँडलवर. तालुक्याच्या एका दुकानात तो चांगल्या हेतूने लॅमिनेट करायला दिला. गरम रोलरमधून निघाला तेव्हा चकाचक दिसत होता. सहा-सात वर्षांनी एका कोपऱ्यातून प्लास्टिक सुटायला लागलं, आत हवा शिरली, सायकलच्या चाकाजवळ फुगा धरला आणि तो फुगा दर उन्हाळ्यात थोडा वर सरकतो आहे. आता तो वडिलांच्या हातापर्यंत आला आहे. प्लास्टिक काढायला जावं तर त्यासोबत फोटोचा थर निघतो. लॅमिनेशन परत फिरवता येत नाही. फोटोसोबत जे काही कराल ते उद्या उलटं करता आलं पाहिजे, ही कसोटी लावा. फेविकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन, तिन्ही या कसोटीवर नापास. स्टुडिओवाल्याकडे कामच द्यायचं असेल तर नवी प्रत छापून घ्या आणि हवी तर ती लॅमिनेट करा.

दोन अल्बमांपैकी एक काळ्या पानांचा असेल, कोपरे लावलेला, मध्ये बटर पेपर. तो तसाच राहू द्या, चांगला आहे. दुसरा जर चिकट पानांचा, वरून प्लास्टिक ओढलेला असेल, तर त्यातून फोटो काढावे लागतील. त्या पानाचा गोंद पिवळा पडतो आणि फोटोत उतरतो. आधी प्रत्येक पानाचा जसाच्या तसा फोटो काढून घ्या, म्हणजे कोण कोणाशेजारी लावलं होतं ते राहील. मामाजींनी तो क्रम काही विचार करून लावला असेल. मग मेडिकलमध्ये मिळणारा दात साफ करायचा दोरा, डेंटल फ्लॉस, फोटोच्या कोपऱ्याखालून घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. सुटत नसेल तर सोडून द्या.

पुतण्याला कामाला लावा, पण ‘मग कागद कशाला’ हे त्याच्या डोक्यातून काढा. मोबाईल पाच वर्षांत बदलतो. मामाजींची पेटी कोणत्याही चार्जरशिवाय इतकी वर्षं उघडते आहे. त्याने मोबाईलवर फोटो जरूर काढावेत, तेही नीट. ओसरीत, सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास, टेबलावर पांढरा कागद पसरून. फ्लॅश बंद. फोन फोटोच्या बरोबर वर, आडवा-तिरका नाही. झूम न करता जवळ जावं. प्रत्येकाचे दोन काढावेत आणि पाठीचाही एक. काचेतल्या फ्रेमांसाठी गुगलचं फोटोस्कॅन हे ॲप चांगलं आहे. ते चार ठिकाणी फोन फिरवायला लावतं आणि काचेची चकाकी काढून टाकतं. ही झाली पहिली, घाईची प्रत. घर पाडायच्या आधी एवढी तरी झालीच पाहिजे.

निवडक तीस-चाळीस फोटो मात्र खऱ्या स्कॅनरवर घ्या. तालुक्याच्या सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात सपाट काचेचा स्कॅनर असतो. त्यांना रोज फॉर्मवर चढवण्यासाठी फोटो लहान करायची सवय असते, तेव्हा आधीच सांगा: ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), रंगीत, आकार कमी करायचा नाही. काळा-पांढरा फोटोही रंगीतच स्कॅन करा. चार बाय सहाच्या फोटोचे अशाने २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात, त्यातून दुप्पट मोठी प्रत छापता येते. पासपोर्टएवढा फोटो असेल तर १२०० डीपीआय. निगेटिव्हला साधा स्कॅनर चालत नाही, खालून उजेड देणारा लागतो. अमरावतीला किंवा अकोल्याला एखाद्या जुन्या स्टुडिओत विचारा. आणि निगेटिव्ह टाकू नका. मूळ चित्र तेच, फोटो ही त्याची प्रत. काहीही झालं तरी फोटो दुकानात ठेवून घरी येऊ नका. दुपार जाईल, जाऊ द्या. समोर बसून करून घ्या.

दुकानदार किंवा पुतण्या, कोणीतरी म्हणेल की ॲपमध्ये टाकून रंगीत करून देतो, चेहरा साफ करून देतो. हौसेने करा, पण वेगळ्या नावाने ठेवा आणि मूळ स्कॅनवर ते चढवू नका. ते ॲप फाटलेल्या जागी डोळा, ओठ स्वतःच्या मनाने भरतं. आजेसासऱ्यांचं नाक कसं होतं हे त्याला माहीत नाही.

ग्रुपवर टाकायचंही सांगते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होऊन जातो. पाहायला ठीक, जपायला नाही. मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची. सगळ्या फाईली एका गुगल खात्यात चढवा. १५ जीबी फुकट मिळतात, दोनशे फोटोंना ते भरपूर आहेत. पण ते खाते कोणाच्या एकट्याच्या नावाचं आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात, असं नको. दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गुगल ते खाते पुसून टाकू शकतं. खातेधारक गेल्यावर घरात नेमकं हेच होतं. सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्यासाठी दुसऱ्या माणसाचं नाव घालता येतं, ते घाला आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. शिवाय एक हार्ड डिस्क भासऱ्यांकडे पुण्याला. पेनड्राइव्ह देवाणघेवाणीला बरा, त्याच्यावर विसंबू नका. दर दिवाळीला घर साफ करताना डिस्क लावून चार फोटो उघडून पाहायचे आणि पाच-एक वर्षांनी नवी घ्यायची. पेटीत लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल तर ती फोटोंच्याही आधी प्रत काढायला द्या. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी २०१६ मध्येच थांबली, चालू मशीन आता शोधावं लागतं.

मूळ फोटो ठेवायचे कसे? आपल्या जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभावांच्या पोथ्या कापडात बांधून ठेवायची रीत आहे. तीच आपण घ्यावी. मांजरपाटाचं सुती कापड, खळ जाईपर्यंत धुतलेलं, कडकडीत वाळलेलं. प्रत्येक फोटोला कोऱ्या पांढऱ्या कागदाचं पाकीट. झेरॉक्सच्या कागदाच्या रीमवर ‘ॲसिड-फ्री’ लिहिलेलं पाहून घ्या. वर्तमानपत्र आणि खाकी लिफाफा नको. त्यांच्यातलं आम्ल फोटोला पिवळं करतं, जसं ते स्वतः पिवळे होतात. वास येणारं मऊ प्लास्टिकही नको. दहा-वीस पाकिटांची एक चळत कापडात बांधा. टिनाची पेटी आतून गंजली नसेल तर तीच वापरा, मामाजींची आहे. डांबर गोळ्या घालू नका. त्यांची वाफ फोटोला आणि त्या हाताळणाऱ्याला, दोघांनाही वाईट. ओला कडुलिंबाचा पाला तर मुळीच नाही, तो ओल आत नेतो. पेटी बंद करायला वैशाख उत्तम, हवा कोरडी असते.

नव्या घरात पेटी जमिनीवर नको, ओल आणि उधई दोन्ही तिथून येतात. स्लॅबखालच्या माळ्यावर नको. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा माळ्यावरची भट्टी विचारू नका. कापूस भाव येईपर्यंत ज्या खोलीत भरून ठेवता, जिथे फवारणीची औषधं आणि खताची पोती असतात, तिथेही नको. काळ्या-पांढऱ्या फोटोतली प्रतिमा चांदीची असते. देवघरातलं चांदीचं निरांजन जसं काळवंडतं, तसा धुराचा आणि वाफांचा त्रास त्या फोटोलाही होतो. आतल्या खोलीतल्या आलमारीचा मधला खण, एवढी जागा द्या. भिंतीवर लावायला, हळद-कुंकू वाहायला, उदबत्तीपुढे ठेवायला प्रती छापून घ्या. कुंकू काचेच्या फटीतून आत जातं आणि कपाळाऐवजी गालावर डाग पडतो, असे कितीतरी फोटो मी पाहिले आहेत.

आता वाट्यांचं. दिरांना सांगा, वावराचे तीन वाटे होतात कारण प्रत्येक वाट्यात पीक येतं. लग्नाच्या अल्बमचे तीन वाटे केले तर कोणाकडेच लग्न राहत नाही. पेटी अखंड ठेवा. ती पुण्याला पाठवू नये असं माझं मत आहे. भासऱ्यांच्या मनात खोट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. ‘सावकाश स्कॅन करतो’ हे वाक्य मी फार घरांत ऐकलं आहे आणि ओळखू शकणारं माणूस तर गावातच बसलं आहे. जिथे सासूबाई, तिथे पेटी. भासऱ्यांना डिस्क, दिरांना प्रती, तिघांनाही वहीची झेरॉक्स. आणि नणंदांना विसरू नका. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. बहुतेक घरांत वाटणीच्या बैठकीत तो नसतोच. त्यांच्या बालपणाचा एकही फोटो त्यांच्या सासरी नसेल. त्यांचा एकेक संच आधी काढा, मग भावांचा.

आजेसासऱ्यांचा मयतीचा फोटो जाळू नका. त्या काळी फोटोग्राफर गावात बोलवायचा म्हणजे मोठा खर्च. कित्येक माणसांचा आयुष्यात फोटो निघालाच नाही आणि गेल्यावर घरच्यांनी धावपळ करून एक काढून घेतला. खांबाला टेकवून बसवलेलं, गळ्यात हार, दोन्ही बाजूंनी धरलेली लेकरं. तो काढणाऱ्यांना अशुभ वाटला नाही. चेहरा राहावा म्हणून त्यांनी पैसे मोजले. जाऊबाईंचं मनही मोडू नका. भिंतीवर लावायचा आग्रह धरू नका. वेगळं पाकीट करा, वर नाव आणि तिथी लिहा, पेटीच्या तळाशी ठेवा. फोटोत आजेसासऱ्यांना धरून लेकरं बसलेली असतील, तर ती कोण, हे मात्र सासूबाईंना विचारा. त्यात एखाद वेळी मामाजी असतील.

राहिली विहिरीजवळची बाई. सासूबाईंनी फोटो पालथा केला म्हणजे त्या तिला ओळखतात. पुन्हा पुन्हा पुढे करू नका आणि चारचौघांत तर नाहीच. त्यांच्याजवळ त्याचं काही दुःख असेल किंवा कोणाला दिलेला शब्द असेल. बाकीचे फोटो सरळ क्रमाने दाखवत जा. पंधरा-वीस दिवस कोणी जवळ बसून ऐकतं आहे असं दिसलं की म्हातारी माणसं कधीतरी आपणहून बोलतात, बहुधा भलत्याच वेळी, तूर निवडताना, अंधार पडल्यावर. त्या फोटोला त्याचा नंबर द्या, पाकिटात घाला. वहीत त्या नंबरापुढे लिहा: विहिरीजवळ बाई, कडेवर लेकरू, आईंना विचारलं, सांगितलं नाही. तारीख घाला. आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडा.

तुमची,
ताई